डोळे पळू नयेत म्हणून: एक डॉक्टर, एक टेलिप्रॉम्प्टर आणि ओआरएसचा व्हिडिओ

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंचा फोन आला. मी लग्नाची, शाळांच्या स्नेहसंमेलनांची आणि अधूनमधून माहितीपटांची शूटिंगं करतो. त्यांचं म्हणणं असं होतं: "ओपीडीत मी रोज तेच तेच सांगते. आया मान डोलावतात आणि घरी जाईपर्यंत निम्मं विसरतात. त्यांच्या मोबाईलवर पाठवता येतील असे आठ छोटे व्हिडिओ करायचेत. पण कॅमेऱ्यासमोर बसले की मी मीच राहत नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओपीडीत तासभर बसलो. पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस आहे. समोर बाळ रडत असतं, आजी एक सांगत असते, आई दुसरंच, आणि बाई शांतपणे आईच्या डोळ्यांत बघून बोलतात. वाक्यं छोटी. मध्येच थांबून "कळलं का गं?" असं विचारतात आणि उत्तराची खरोखर वाट बघतात. ही बाई कॅमेऱ्यासमोर अवघडते यावर विश्वास बसेना. मग त्यांनी आधी केलेले व्हिडिओ दाखवले आणि बसला.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण टेलिप्रॉम्प्टर (बोलणाऱ्याला मजकूर लेन्सच्या समोरच सरकता दाखवणारं यंत्र) घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न "कुठला घेऊ?" असा येतो. इथे तो प्रश्न सगळ्यात शेवटी सुटला. त्याआधी अंतर, काच, चष्मा, वाक्याची रचना आणि रिमोट कोणाच्या हातात, हे सगळं सोडवावं लागलं.

आधीचे पाच प्रयत्न

विषय एकच होता, बाळाचे जुलाब आणि ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचं क्षार-साखरेचं पाणी, जलसंजीवनी. पहिला प्रयत्न पाठ करून. तिसऱ्या वाक्यापाशी पुढचा शब्द शोधायला डोळे छताकडे गेले, आणि तिथून पुढे बोलणं म्हणजे पाठांतराची परीक्षा झाली. दुसऱ्या वेळी मोबाईलच्या उजव्या बाजूला कागद चिकटवलेला. बघणाऱ्याला वाटतं, खोलीत आणखी कोणीतरी उभं आहे आणि बाई त्याच्याशी बोलतायत. तिसऱ्यांदा मोबाईलमधलं ॲप: मजकूर पडद्यावर सरकतो आणि वरच्या सेल्फी कॅमेऱ्याने चित्रण होतं. मोबाईल हाताच्या अंतरावर, साठ सेंटिमीटरवर, आणि वाचायची ओळ लेन्सच्या आठ सेंटिमीटर खाली. कोनात मोजलं तर साडेसात अंश होतात. ऐकायला कमी वाटतं, पण समोरचा आपल्या डोळ्यांत बघतोय की हनुवटीकडे, हे माणसाला यापेक्षा कितीतरी कमी फरकात कळतं. लहान मुलालाही कळतं.

चौथ्या वेळी त्यांनी मोबाईलवर बसणारा स्वस्तातला प्रॉम्प्टर मागवला होता. तो चुकला कसा, ते पुढे काचेच्या भागात येईल.

पाचवा प्रयत्न कशाचाही आधार न घेता केलेला. खरं सांगतो, बोलणं म्हणून तो सगळ्यात चांगला होता. हात हलत होते, आवाज वरखाली होत होता. मी म्हणालो, "मॅडम, हाच ठेवूया की." त्यांनी तो थांबवून मला दोन जागा दाखवल्या. एका ठिकाणी त्या म्हणाल्या होत्या, "एक पुडा, एक लिटर पाणी." बाजारात दोनशे मिलिलिटर पाण्याचे छोटे पुडेही मिळतात. ज्या आईच्या हातात छोटा पुडा आहे तिने तो लिटरभर पाण्यात टाकला तर ते पाणी फार पातळ होणार. आणि उलटं, मोठा पुडा पेलाभर पाण्यात कालवला तर ते इतकं खारं होईल की बाळाला अपाय होईल. दुसऱ्या ठिकाणी झिंकच्या गोळ्यांबद्दल त्या बोलण्याच्या ओघात "दहा-चौदा दिवस" म्हणून गेल्या होत्या. गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी. "ओपीडीत चुकलं तर मी पुढच्या मिनिटाला दुरुस्त करते," त्या म्हणाल्या. "व्हिडिओ एकदा गेला की गेला. तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत राहणार."

टेलिप्रॉम्प्टर हवा की नको, याचा निर्णय मला तिथे मिळाला. बोलणाऱ्याला विषय येत नाही म्हणून प्रॉम्प्टर लावला तर तो लपत नाही. विषय पुरता येतो, पण शब्द आणि आकडे एक अक्षरही हलता कामा नयेत, अशा ठिकाणी तो लावावा.

अंतर

लोक प्रॉम्प्टरबद्दल बोलताना यंत्राबद्दल बोलतात आणि माणूस त्यापासून किती लांब बसलाय हे कोणी विचारत नाही. माझ्या अनुभवात वाचताना डोळे पळताना दिसतात त्यात सगळ्यात मोठा वाटा या अंतराचा असतो.

हिशेब सोपा आहे. दहा इंची टॅब आडवा धरला तर मजकुराची रुंदी सुमारे बावीस सेंटिमीटर. माणूस नव्वद सेंटिमीटरवर बसला तर ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाताना डोळे जवळजवळ चौदा अंश फिरतात. डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, वाक्यामागून वाक्य. क्लोजअपमध्ये बुबुळं घड्याळाच्या लंबकासारखी दिसतात. तोच टॅब, तोच मजकूर, फक्त अंतर दोन मीटर चाळीस सेंटिमीटर केलं, म्हणजे साधारण आठ फूट, तर फिरणं पाच अंशांच्या आसपास येतं. आणि मजकुराचा रकाना दोन्ही बाजूंनी आवळून चौदा सेंटिमीटरचा केला तर साडेतीन अंशांच्या आत. एवढं फिरणं कॅमेऱ्याला जवळपास दिसत नाही.

आठ फूट अंतर घेतल्यावर अक्षरं मोठी करावी लागतात, आणि अक्षरं मोठी केली की एका ओळीत तीन, फार तर चार शब्द मावतात. मराठीत तर विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. "बाळाच्या अंगातल्या पाण्याचं" एवढ्यावर ओळ संपते. पहिल्यांदा हे बघून बाईंना वाटलं, असं तुकड्या-तुकड्यांत कसं वाचायचं. पण तेच पुढे उपयोगी पडलं.

लांब बसल्यावर कॅमेऱ्याकडचंही बदलावं लागतं. मोबाईलच्या रुंद लेन्सने आठ फुटांवरून बाई एवढ्याशा दिसल्या असत्या आणि प्रॉम्प्टरच्या चौकटीच्या कडा चित्रात आल्या असत्या. मी माझा एपीएस-सी (मोबाईलपेक्षा बऱ्याच मोठ्या) सेन्सरचा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स लावली. त्या अंतरावर फ्रेममध्ये साधारण सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी रुंदी येते: छातीपासून वर बाई, आणि हात हलवायला जागा. कॅमेरा लांब गेल्यावर त्याच्या माईकचा काही उपयोग नाही, म्हणून पदराच्या आतून कॉलर माईक.

या अंतराने आणखी एक गोष्ट सुटली, आणि ती मला आधी सुचलीच नव्हती. बाईंना बायफोकल चष्मा आहे. जवळचं वाचायचं भिंग खालच्या अर्ध्यात. नव्वद सेंटिमीटरवरचा मजकूर ना धड खालच्या भिंगातून स्पष्ट दिसायचा ना वरच्या, त्यामुळे त्या नकळत हनुवटी वर करून खालच्या भिंगातून बघायच्या. व्हिडिओत तेच "ताठा" म्हणून दिसत होतं. त्यांच्या मुलानेही म्हणे त्यांना सांगितलं होतं, "आई, तू रागावल्यासारखी दिसतेस." आठ फुटांवर मजकूर सरळ वरच्या भिंगात आला आणि मान आपोआप खाली उतरली. चाळिशी ओलांडलेल्या कोणाचंही शूटिंग असेल तर मी आता सगळ्यात आधी विचारतो: चष्मा कसला आहे?

काच

टेलिप्रॉम्प्टरची रचना एका वाक्यात सांगता येते. लेन्सच्या पुढे पंचेचाळीस अंशात तिरकी काच, काचेच्या खाली आडवा ठेवलेला पडदा, आणि काचेच्या मागे काळ्या कापडाने झाकलेला कॅमेरा. पडद्यावरचा मजकूर काचेत प्रतिबिंबित होऊन बोलणाऱ्याला दिसतो. कॅमेऱ्याला काचेतून आरपार माणूस दिसतो, मजकूर दिसत नाही. लंडनमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर यांनी याच तत्त्वावर रंगमंचावर भूत दाखवलं होतं.

बाईंकडच्या स्वस्त प्रॉम्प्टरमध्ये साधी पारदर्शक प्लास्टिकची शीट होती. अशा शीटच्या दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब पडतं. शीट तीन मिलिमीटर जाड असेल तर दुसरं, पुसट प्रतिबिंब दोनेक मिलिमीटर वर किंवा खाली सरकून येतं. इंग्रजी अक्षरांत हे कदाचित खपून जाईल. देवनागरीत नाही. आपली अर्धी लिपी शिरोरेषेच्या वर राहते. शिरोरेषेवर दुसरी शिरोरेषा, एका मात्रेच्या दोन मात्रा, अनुस्वाराखाली आणखी एक अनुस्वार. "ते" की "तै", हे ठरवायला डोळ्याला अर्धा क्षण लागतो, आणि दर ओळीला अर्धा क्षण म्हणजे कपाळाला आठी. चौथ्या प्रयत्नात बाईंच्या कपाळावर ती आठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत होती.

मी साताऱ्यातल्या एका मित्राकडून बीमस्प्लिटर (प्रकाशाचे दोन भाग करणाऱ्या) काचेचा प्रॉम्प्टर दोन दिवसांसाठी आणला. विकत घेण्याआधी असा मागून आणून बघता आला तर जरूर बघावा. या काचेच्या एका बाजूला पातळ लेप असतो. ती बाजू बोलणाऱ्याकडे आणि पडद्याकडे ठेवायची. उलटी बसवली तर प्रतिबिंब पुन्हा दुहेरी दिसू लागतं. नेहमीची काच ७०/३० ची असते: सत्तर टक्के प्रकाश आरपार कॅमेऱ्यात, तीस टक्के परावर्तित. म्हणजे कॅमेऱ्याला अर्धा स्टॉप (छायाचित्रणातलं प्रकाशाचं माप) प्रकाश कमी मिळतो. एक लाइट थोडा जवळ सरकवला की भरून निघतं. खरी अडचण उलटी असते: खोलीत मागून उजेड आला तर काचेतला मजकूर फिका पडतो. म्हणून काळं कापड नुसतं कॅमेऱ्यावर टाकून भागत नाही. लेन्सच्या भोवती फट राहू द्यायची नाही.

काच तपासायची माझी पद्धत साधी आहे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत "किंमत, वैद्य, शौच, वर्ष, र्‍हास" असे शब्द मोठे करून लावायचे आणि बसायच्या जागेवरून बघायचे. मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार सुटे आणि एकेकच दिसले तर काच चांगली.

आणि उंची. लेन्स डोळ्यांच्या रेषेत हवी, आणि वाचायची ओळ काचेत बरोबर लेन्सच्या समोर पडायला हवी. बहुतेक ॲपमध्ये चालू ओळ दाखवायला बाण असतो, तो पडद्याच्या वरच्या भागात ठेवलेला. लेन्स मात्र काचेच्या मध्यावर. मग सगळं नीट लावूनही नजर चार बोटं वर जाते. बाण लेन्सच्या मध्यावर येईपर्यंत टॅब पुढेमागे सरकवायचा, एवढंच. बाईंना खुर्चीत बसवून मी विचारलं, "बाण कुठे दिसतो?" "त्या काळ्या गोलाच्या बरोबर मधे." जमलं.

मजकूर

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते. नजर लेन्सवर आली, डोळे पळायचे थांबले, आठी गेली, आणि तरीही पहिल्या टेकमध्ये बाई वाचताना ऐकू येत होत्या. दिसत नव्हत्या, ऐकू येत होत्या. कारण मजकूर असा होता:

"अतिसार झालेल्या बालकांमध्ये निर्जलीकरण टाळण्याच्या दृष्टीने जलसंजीवनीचे द्रावण अल्प प्रमाणात परंतु वारंवार देणे अत्यावश्यक आहे."

हे वाक्य चुकीचं नाही. पत्रकात शोभेल. पण बाईंनी हे वाक्य आयुष्यात कोणत्याही आईला म्हटलेलं नाही. जगातली कुठलीही काच हे वाक्य नैसर्गिक करू शकत नाही.

मी कॅमेरा बंद केला. सिस्टरना समोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणालो, "तुम्ही बाळाची आई. कालपासून सात-आठ जुलाब झालेत. विचारा मॅडमना." सिस्टर त्या ओपीडीत अकरा वर्षं आहेत, आया काय विचारतात हे त्यांना बाईंपेक्षा जास्त माहीत. बाई बोलू लागल्या, मी मोबाईलवर आवाज घेत राहिलो. नंतर ते जसंच्या तसं उतरवलं, बाईंनी आकडे तपासले, आणि प्रॉम्प्टरवर हे गेलं:

बाळाला जुलाब लागले ना,
की अंगातलं पाणी जातं.
तेच पाणी आपल्याला
परत द्यायचंय.

आधी पुडा हातात घ्या.
त्यावर लिहिलेलं असतं,
किती पाणी घ्यायचं ते.
मोठा पुडा, एक लिटर.
छोटा पुडा, दोनशे मिलिलिटर.
अर्धा पुडा टाकून
अर्धा ठेवू नका.

उलटी झाली तर
दहा मिनिटं थांबा.
मग पुन्हा,
चमचा चमचा.

ओळ कुठे तोडायची हे ॲपला ठरवू दिलं नाही. जिथे श्वास, तिथे ओळ संपते. तीन शब्दांच्या ओळीची भीती इथे गेली, कारण बाई बोलतात तेही तीन-तीन, चार-चार शब्दांच्या घासांनीच.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि "नाही" तर त्याच्याही नंतर. पहिल्या मसुद्यात असं होतं: "जुलाब थांबवायचं औषध / स्वतःच्या मनाने / बाळाला द्यायचं / नाही." ओळी वर सरकत असताना बाई तिसऱ्या ओळीपर्यंत "द्यायचं" असा सूर लावून येत आणि चौथ्या ओळीतलं "नाही" बघून सूर खाली पाडत. ऐकताना वाक्य मधेच मोडल्यासारखं वाटे. शिवाय एखादीने अर्धवट ऐकलं तर? म्हणून बदललं: "स्वतःच्या मनाने देऊ नका, / जुलाब थांबवायचं औषध." व्याकरणाच्या पुस्तकातला हा क्रम नव्हे, पण बोलताना आपण अगदी असंच बोलतो, महत्त्वाचं आधी, बाकीचं मागाहून. लिहिताना आपण ते सरळ करायला जातो आणि त्यात बोलण्याचा जीव जातो. प्रॉम्प्टरच्या मजकुरात नकार जितका पुढे आणता येईल तितका आणावा, हे मी या प्रकरणात शिकलो.

आकडे अक्षरांत लिहिले. "२० मिग्रॅ, १४ दिवस" असं दिसलं की डॉक्टर ते इंग्रजीत वाचतात. तोंडात तेच बसलेलं असतं. "वीस मिलिग्रॅम, चौदा दिवस" लिहिलं की तसंच वाचतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला दहा मिलिग्रॅम, म्हणजे वीसची अर्धी गोळी. तिथे आम्ही मिलिग्रॅम मागे ठेवले आणि "अर्धी गोळी" पुढे आणलं, कारण आईच्या हातात गोळी असते. लसीकरणाच्या व्हिडिओत हेच आणखी ठळक झालं. तक्त्यात पेंटाव्हॅलंटच्या तीन मात्रा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. बाई तोंडाने कायम "दीड, अडीच, साडेतीन" म्हणतात, आणि गावातल्या आयाही "दीड महिन्याचं इंजेक्शन" असंच म्हणतात. तेच लिहिलं.

बाई बोलताना "म्हणजे" आणि "बघा" फार वापरतात. ते सगळेच्या सगळे मजकुरात ठेवू नयेत. तोंडातून आपोआप येणारं "बघा" वेगळं आणि लिहिलेलं बघून म्हटलेलं "बघा" वेगळं. दुसरं लगेच खोटं वाटतं. एखाद-दुसरं ठेवलं, बाकी काढले. बोलताना त्या स्वतःहून कुठे घालतील तर घालोत.

एक तांत्रिक गोष्ट, कारण दिवसाचा एक तास तिच्यात गेला. बाईंकडे जुनी माहितीपत्रकं होती, छापखान्यातून आलेली, जुन्या फाँटमध्ये. ती फाइल प्रॉम्प्टरच्या ॲपमध्ये टाकल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसला. मजकूर युनिकोडमध्येच हवा. आणि फाँट जाड, ओळींमध्ये भरपूर अंतर ठेवून, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

सिस्टरच्या हातातला रिमोट

मजकूर सरकवायचा कोणी? ॲपमध्ये ठरावीक वेग लावता येतो. मी तो पहिल्या टेकला लावला. बाईंचं बोलणं मी मोजलं होतं, मिनिटाला शंभरेक शब्द, त्याप्रमाणे वेग ठेवला. पण "शंभरेक" ही सरासरी. "कळलं का?" म्हटल्यावर त्या दोन सेकंद थांबतात, आणि त्या दोन सेकंदांत मजकूर पुढे निघून जातो. मग पाठलाग सुरू. आवाज ऐकून आपोआप सरकणारा पर्यायही करून पाहिला. त्या ॲपला बाईंची मराठी झेपली नाही, दर चार ओळींनी ते अडून बसायचं. पायाने दाबायच्या पेडलने बाईंचं लक्ष पायाकडे गेलं.

मग सिस्टर म्हणाल्या, "द्या मी करते. मॅडम कुठे थांबतात ते मला माहितीये."

त्यांच्या हातात ब्लूटूथ रिमोट दिला आणि एकच नियम सांगितला: मॅडम थांबल्या की तुम्ही थांबायचं. चालू ओळ बाणापाशी राहिली पाहिजे, बाकी काही बघायचं नाही. दोन वेळा सराव केल्यावर मी जे पाहिलं ते विसरणार नाही. बाईंनी मधेच एक वाक्य स्वतःचं घातलं, मजकुरात नसलेलं: "घाबरू नकोस, बहुतेक बाळं घरीच बरी होतात." सिस्टरचा अंगठा रिमोटवर नुसता टेकून राहिला. वाक्य संपलं, बाईंची नजर परत बाणापाशी आली, तिथे पुढची ओळ त्यांची वाट बघत उभी होती. ते आगंतुक वाक्य आम्ही व्हिडिओत ठेवलं.

यंत्र जन्मलं तेव्हाही असाच माणूस त्याच्या मागे होता. १९५० च्या आसपास अमेरिकेत टीव्हीवरच्या रोजच्या पाठांतराला कंटाळलेल्या फ्रेड बार्टन या नटाने ही अडचण ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीतले अधिकारी इर्व्हिंग कान यांच्यापुढे मांडली, आणि अभियंता ह्युबर्ट श्लाफ्ली यांनी मोठ्या अक्षरांच्या कागदाची गुंडाळी मोटरवर फिरवणारं यंत्र बनवलं. गुंडाळीचा वेग आडोशाला बसलेला माणूस बोलणाऱ्याकडे बघून ठरवायचा. १९५२ साली शिकागोत रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी ते वापरलं आणि राजकारणी मंडळींमध्ये त्याचा प्रसार झाला. आज पडदा डिजिटल झाला, गुंडाळी गेली. पण बोलणाऱ्याला ओळखणारा माणूस रिमोटवर असणं, यापुढे मला अजून काही चांगलं सापडलेलं नाही. घरात एकट्यानेच शूटिंग करणाऱ्यांनी हातात लपेल असा रिमोट घ्यावा आणि आधी चार दिवस फक्त थांबण्याचा सराव करावा. वेग वाढवायचा सराव लागत नाही.

शूटिंगचा दिवस

रविवारी, ओपीडी बंद असताना. टॅबचं विमान मोड चालू, आपोआप कमी होणारा उजेड बंद, पडदा मालवण्याची वेळ बंद. एवढं करूनही पहिल्या टेकच्या शेवटाकडे टॅबवर अलार्म वाजला, बाईंच्या मुलाने कधीतरी लावून ठेवलेला. तो टेक गेला.

सगळा व्हिडिओ प्रॉम्प्टरवर करायचा नाही, हे आम्ही आधी ठरवलं होतं. सुरुवात, पुड्याचं आणि पाण्याचं प्रमाण, झिंकची मात्रा, आणि धोक्याची लक्षणं (बाळ सुस्त पडणं, डोळे खोल जाणं, पाणी पिऊ न शकणं, शौचातून रक्त) एवढं प्रॉम्प्टरवर, शब्दशः. पुडा कालवून दाखवणं मात्र काच बाजूला काढून. त्या वेळी प्रॉम्प्टरवर मजकूर असला की हात पाण्यात आणि डोळे काचेत, असं होतं. हाताने काम करणारा माणूस हाताकडेच बघतो, आणि तेव्हा कोणालाही त्याची नजर खटकत नाही. बाईंनी पातेल्यात पाणी मोजलं, पुडा फाडला, ढवळलं, आणि चमच्याने स्वतः चव घेऊन म्हणाल्या, "अश्रूंइतकंच खारं लागायला हवं." हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

प्रॉम्प्टरवरच्या भागात एक खोट राहिली होती. बाई एकटक बघत होत्या. ओळ सुटेल या धास्तीने पापणीसुद्धा लवेना. मी मजकुरात दोन ठिकाणी पिवळ्या रंगात चार ओळींची मोकळी जागा सोडली आणि सांगितलं, इथे सिस्टरकडे बघा. सिस्टर कॅमेऱ्याच्या डावीकडे, रिमोट घेऊन. सूचना शब्दांत लिहिली नाही, कारण शब्दांत लिहिलं की ते वाचलं जातं. "हसा" असं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलेलं मी एका मुख्याध्यापकांच्या शूटिंगमध्ये ऐकलं आहे. पिवळी जागा आली की बाई सिस्टरकडे बघायच्या, श्वास घ्यायच्या, परत यायच्या. माणूस विचार करताना जशी नजर क्षणभर हलवतो तशीच ती दिसते.

तिसऱ्या टेकला जुलाबाचा व्हिडिओ झाला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्या दिवशी चार झाले, पुढच्या रविवारी उरलेले चार. शेवटच्या दोन व्हिडिओंना बाईंनी मजकुराचा प्रत्येक शब्द वाचलाच नाही. आकड्यांपाशी नजर बाणावर आणायची, मधलं आपलं आपण बोलायचं, असं त्यांचं त्यांनीच बसवलं.

नंतर त्यांनी काचेचा प्रॉम्प्टर विकत घेतला, माझ्या मित्राकडच्याच जातीचा: चौदा-पंधरा सेंटिमीटरच्या रकान्याला पुरेल एवढी काच, दहा इंची टॅब बसेल असा तळ, कापड लेन्सला घट्ट आवळता येईल असं. मोबाईलवरचा जुना प्रॉम्प्टर कपाटात आहे. ओपीडीच्या मागच्या खोलीत फरशीवर तीन ठिकाणी पिवळी चिकटपट्टी लावली आहे: खुर्चीचे मागचे पाय, ट्रायपॉड, लाइट. मधलं अंतर आठ फूट. सिस्टर सकाळी झाडताना त्या पट्ट्यांवरून अलगद केरसुणी फिरवतात. आता कांजिण्यांचा व्हिडिओ करायचाय, आणि त्याचा मजकूर उतरवायला यावेळी आईच्या खुर्चीत सिस्टरऐवजी एक खरी आई बसणार आहे.